वाट वाकडी करताना

माझे वडील कामासाठी नागपूरला निघाले, की त्यांचा एक मुक्काम अकोल्याला ठरलेला असे. तिथे आत्या राहायची. तिकीट मुंबई ते नागपूर असे सलग काढलेले. पण लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून थांबायची सोय रेल्वेने पूर्वीपासून ठेवली आहे. 'ब्रेक जर्नी' हा शब्द आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ होता. अकोल्याला उतरल्यावर वडील आधी स्टेशनमास्तरांच्या खोलीत जात, तिकिटाच्या पाठीवर शेरा घेत आणि मगच टांग्याकडे वळत. आम्हा मुलांना तो शेरा म्हणजे काहीतरी सरकारी गुपित वाटे. एका तिकिटात दोन घरे होत, याचेच वडिलांना समाधान.

ही सोय आजही आहे. पहिले पाचशे किलोमीटर न उतरता पार करावे लागतात, मग मुक्काम. मुंबईहून अकोला सुमारे ५८४ किलोमीटर, म्हणून आत्या नियमात बसते. भुसावळ ४४४ किलोमीटर, म्हणून तिथले मामा बसत नाहीत! नात्यागोत्यांचा विचार करून कोणी नियम करत नाही. नियम आहे तसा समजून घ्यायचा आणि त्यात आपली माणसे बसवायची, हे प्रवाशाचे काम.

मराठीत 'वाट वाकडी करणे' असा एक छान शब्दप्रयोग आहे. कोणासाठी तरी सरळ रस्ता सोडून जायचे. विमानाच्या तिकिटातही वाट वाकडी करता येते, किती करता येते याचे नियम असतात, आणि मैल साठवून मिळणाऱ्या फुकटच्या तिकिटाला तर त्या नियमांचे एक शास्त्रच आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. त्याआधी एकदा चुटपुट लागून राहिली होती, ती सांगतो.

काचेच्या आतले सात तास

आमची लेक टोरांटोला असते. २०१६ मध्ये आम्ही दोघे पहिल्यांदा तिच्याकडे निघालो. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथे सात तास थांबून पुढचे विमान. सौ.ची थोरली बहीण, आमच्या ताई, लग्न होऊन पन्नासेक वर्षांपूर्वी जर्मनीत गेल्या. त्या डार्मश्टाटला राहतात. फ्रँकफर्टच्या विमानतळावरून बसने अर्ध्या तासाचे अंतर. पण आमच्याकडे जर्मनीचा व्हिसा नव्हता. तिकीट काढताना तो विचारच मनात आला नाही; आपण कॅनडाला चाललो आहोत, एवढेच डोक्यात. ताईंचे तेव्हाच खुब्याचे ऑपरेशन झालेले, त्यांना विमानतळापर्यंत येणे शक्य नव्हते. आल्या असत्या तरी काचेपलीकडे उभ्या राहिल्या असत्या.

सात तास सौ. त्यांच्याशी फोनवर बोलत बसली. "इतकी जवळ आलीस आणि..." एवढे म्हणून ताई थांबल्या, ते मला शेजारी बसून ऐकू आले. मुंबईहून फोन केला असता तर तो फोन झाला असता. फ्रँकफर्टहून केला म्हणून तो जिव्हारी लागला.

टोरांटोला पोचल्यावर लेक म्हणाली, "आई, मला आधी सांगायचंस ना! पुढच्या वेळी माझ्या मैलांवर तिकीट काढू आणि मावशीकडे रीतसर थांबा घेऊ." मैल म्हणजे काय, हे तिने आम्हाला त्या मुक्कामात समजावून दिले. जावई दर शनिवारी किराणा आणतात, गाडीत पेट्रोल भरतात, मुलीच्या शाळेचे साहित्य घेतात, ते सारे एका क्रेडिट कार्डावर. आणि प्रत्येक खर्चामागे विमानकंपनीच्या खात्यात मैल जमा होतात. विमानात पाऊल न ठेवता मैल!

मैलांची गोष्ट

या योजनांचा जन्म अमेरिकेतला. तिथल्या सरकारने १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचे नियंत्रण उठवले, कंपन्यांत गिऱ्हाइकांची ओढाताण सुरू झाली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' ही योजना काढली. जितके मैल उडाल तितके खात्यात. पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली आणि पुढे जगभर तीच रीत पडली. मग हॉटेले, बँका, दुकानदार सगळेच मैल वाटू लागले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने मैलांच्या लोभाने पुडिंगचे बारा हजारांवर कप विकत घेतले. वेष्टनावरची पट्टी पाठवली की मैल मिळत होते. त्याने पुडिंग दानधर्माला दिले, पट्ट्या सोडवायला त्याच संस्थेच्या लोकांची मदत घेतली आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळवले.

मात्र मैल म्हणजे पैसे नव्हेत, हे आधी मनाशी पक्के करावे. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळते; मैलांचे उलटे, ते पडून राहिले की झिजतात. आज जे तिकीट पन्नास हजारांना मिळते ते उद्या साठ हजारांना करायचा अधिकार कंपनीकडे असतो. पुष्कळ योजनांत ठरावीक काळ खात्यात हालचाल झाली नाही तर मैल बाद होतात. आणि कंपनीच राहिली नाही तर? जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचे उडाले. लोकांचे मैल खात्यात शिल्लक होते. ज्या विमानांसाठी ते साठवले ती विमानेच जमिनीवर होती.

'फुकट' या शब्दाचेही तसेच. मैलांवरच्या तिकिटाला विमानतळाचे कर रोख भरावे लागतात आणि काही कंपन्या इंधनाचा अधिभारही लावतात. तो कधी कधी इतका असतो, की साधे तिकीट बरे वाटावे. म्हणून मैल मोजण्याआधी रोख किती पडणार ते पाहावे.

चोवीस तासांची रेघ

आता नियम. पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम घड्याळाचा. आंतरराष्ट्रीय प्रवासात एखाद्या गावी चोवीस तासांच्या आत पुढचे विमान पकडले, तर ते नुसते विमान बदलणे. चोवीस तास ओलांडले की तो 'स्टॉपओव्हर', म्हणजे मुक्काम. विमान बदलण्याला बहुधा वेगळे काही पडत नाही. मुक्कामाला परवानगी लागते. एखादा चतुर प्रवासी संध्याकाळी सातला उतरतो, रात्र गावात काढतो, सकाळी किल्ला पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या विमानाने निघतो. बावीस तास झाले. हिशेबात मुक्काम नाहीच!

दुसरा नियम मुक्कामांच्या संख्येचा. प्रत्येक योजनेचे गणित निराळे. एअर कॅनडाची एरोप्लॅन योजना नोव्हेंबर २०२० मध्ये नव्याने आली, तेव्हा तिने एका दिशेच्या तिकिटावर पाच हजार जादा पॉइंट घेऊन एक मुक्काम देऊ केला, तोही पंचेचाळीस दिवसांपर्यंत. मात्र कॅनडा आणि अमेरिकेत नाही. काही योजना जाता-येता मिळून एकच मुक्काम देतात, काही देतच नाहीत. म्हणून कार्ड घेण्याआधी, निदान मैल साठण्याआधी, हे एक कलम वाचावे.

तिसरा नियम अंतराचा, म्हणजेच वाट किती वाकडी करू देणार याचा. याचे मूळ जुने आहे. आयाटा ही विमानकंपन्यांची संघटना १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झाली. तिच्या भाड्यांच्या पद्धतीत दोन शहरांमधल्या तिकिटावर जास्तीत जास्त किती मैल उडता येईल, याचा आकडा ठरलेला असे. तो थेट अंतरापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी मोठा. तेवढ्या मैलांत बसेल त्या गावाला जा. त्याहून लांब वळसा घातलात तर भाडे पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढे. आजच्या कित्येक मैल-योजना याच विचारावर उभ्या आहेत. कोणी वळशाची मर्यादा घालतो, कोणी एकूण अंतराचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला दर लावतो.

हा नियम कळायला घरातला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा पुरतो. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते टोरांटो ही रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिकवरून जाते. गोलावर दोरा ताणला तर तो रशियावरून थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. त्या दोऱ्याने मुंबई–टोरांटो अंतर सुमारे ७,७६० मैल. आता फ्रँकफर्टवरून मोजा: मुंबई–फ्रँकफर्ट सुमारे ४,०८०, फ्रँकफर्ट–टोरांटो सुमारे ३,९४०. बेरीज ८,०२० च्या आसपास. म्हणजे ताईंकडे जाण्यासाठी वाट वाकडी करावी लागते ती जेमतेम अडीचशे मैल! दिल्लीवरून गेले तर बेरीज ७,९४० च्या घरात येते, लंडनवरून ८,०३० च्या. एरोप्लॅनच्या २०२० च्या तक्त्यात उत्तर अमेरिका आणि आपल्या बाजूच्या प्रवासाला ८,००० मैलांवर एक पायरी होती. दिल्लीचा रस्ता पायरीच्या अलीकडे, फ्रँकफर्ट आणि लंडन किंचित पलीकडे. पंचवीस-तीस मैलांसाठी वरचा दर. असे आकडे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाहीत.

चौथी गोष्ट, 'ओपन जॉ'. उतरायचे एका गावी आणि परत निघायचे दुसऱ्या गावाहून. मधला रस्ता आपल्या खर्चाने, रेल्वेने किंवा मोटारीने. नकाशावर ही आकृती उघड्या जबड्यासारखी दिसते म्हणून हे नाव. एका शहरात मुलगा आणि तीन तासांवर पुतण्या, अशा घरांना हा नियम फार उपयोगी.

पाचवी गोष्ट, सोबतीच्या कंपन्या. १४ मे १९९७ रोजी लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस या पाच कंपन्यांनी 'स्टार अलायन्स' ही युती केली. एअर इंडिया तिच्यात २०१४ मध्ये गेली. युतीचा फायदा असा, की एका कंपनीच्या खात्यातले मैल दुसरीच्या विमानात चालतात आणि दोन-तीन कंपन्यांची विमाने एकाच तिकिटात गुंफता येतात. मुक्काम शोधताना आपले गाव कोणत्या युतीच्या रस्त्यावर आहे, हे म्हणूनच आधी पाहायचे.

माझा लोभ आणि गेलेल्या जागा

दुसऱ्या प्रवासाचा बेत आम्ही २०२२ च्या शेवटी मांडला. मधली दोन-तीन वर्षे करोनाने खाल्ली होती. ताई अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या होत्या आणि आता भारतात येणे होणार नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. लेकीच्या खात्यात दोघांपुरते मैल होते. काम सोपे होते: मुंबई–फ्रँकफर्ट, नऊ दिवस मुक्काम, फ्रँकफर्ट–टोरांटो.

पण नियम कळले आणि माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. एक मुक्काम मिळतोच आहे, तर चोवीस तासांच्या आत इस्तंबूल का पाहू नये? रोम का नको? परतीला उघडा जबडा करून पॅरिसहून निघालो तर? स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी रोज रात्री दोरा आणि गोल घेऊन बसू लागलो. सौ. एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमचा तो दोरा जगभर फिरतोय. मला फक्त ताईकडे जायचंय." मी हसून सोडून दिले.

इथे सहावा नियम आडवा आला. तो कुठल्याच पुस्तिकेत ठळक छापलेला नसतो: मैलांसाठी प्रत्येक विमानात थोड्याच जागा असतात. त्या प्रवासाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी खुल्या होतात आणि पुढे येतात-जातात. लेकीने फ्रँकफर्ट–टोरांटोच्या दोन जागा हेरून ठेवल्या होत्या आणि "बाबा, सांगा, घेऊ का?" असे दोनदा विचारले होते. मी इस्तंबूलचा हिशेब पुरा होईपर्यंत थांब म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिथे एकच जागा उरली. सौ. काही बोलली नाही. तिने पोळपाट धुऊन ठेवला आणि आत गेली. २०१६ चे ते सात तास तिच्या मनात होते, आणि मी रोमच्या कारंज्यांचे मैल मोजत होतो.

पुढे तेरा दिवसांनंतरच्या तारखेला दोन जागा मिळाल्या आणि त्या मात्र आम्ही दहा मिनिटांत घेतल्या. त्या अनुभवातून जे शिकलो ते असे. आधी माणूस ठरवा, मग गाव, मग तारीख. सगळ्यांत अवघड तुकडा कोणता ते पाहा, बहुधा तो समुद्र ओलांडणारा असतो, आणि शोध तिथून सुरू करा. प्रत्येक तुकडा सुटा तपासा आणि मग जोडून पाहा. सुट्या दिसणाऱ्या जागा जोडल्यावर कधी कधी दिसेनाशा होतात. दोघांनी जायचे असेल तर दोनच जागा शोधा, "एक तरी मिळाली" यात आनंद मानू नका. तारखांत आठ-दहा दिवस इकडे-तिकडे सरकायची तयारी ठेवा. आणि बेत हाती आला की तो सजवत बसू नका.

मुक्कामाचे गाव म्हणजे वेगळा देश, हेही विसरू नये. स्टॉपओव्हर तिकिटावर मिळाला म्हणजे देशात शिरायची परवानगी मिळाली असे नव्हे. जर्मनीत बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसावर किती दिवस राहायची मुभा आहे ते वेगळे लिहिलेले असते. ते मोजून पाहावे. मुक्काम असला की सामान तिथे हाती मिळते, पुढे आपोआप जात नाही. त्यामुळे ताईंचा खाऊ वेगळ्या पिशवीत बांधला: मेतकूट, भाजणी, आमसुले. पेढे न्यायचे सौ.च्या फार मनात होते; पण युरोपात प्रवाशांच्या सामानातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ते घरीच राहिले.

आणि सर्वांत मोठी ताकीद: सलग तिकिटातला एकही तुकडा न सांगता गाळू नये. एका विमानाला गैरहजर राहिलात, की पुढची सगळी तिकिटे रद्द होतात. "फ्रँकफर्टपर्यंत दुसऱ्या विमानाने येतो, पुढे हेच तिकीट वापरतो" असे चालत नाही.

डार्मश्टाटचे दिवस

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही त्या काचेतून बाहेर पडलो. बसने खरोखरच अर्धा तास लागला. ताई दारात काठी टेकून उभ्या होत्या. दोघी बहिणी काही वेळ नुसत्याच एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग ताई म्हणाल्या, "किती बारीक झालीस ग," आणि सौ. म्हणाली, "तूच."

त्या नऊ दिवसांत आम्ही पाहण्यासारखे फारसे काही पाहिले नाही. रोज सकाळी हेर्नगार्टन बागेत हळूहळू एक फेरी, दुपारी भाजणीचे थालीपीठ, संध्याकाळी जुनी नावे काढून हसणे. आईच्या हातच्या सांज्यात वेलची असायची की जायफळ, यावर दोन दिवस वाद झाला. सातव्या दिवसापासून ताई तारखा मोजू लागल्या. आठव्या दिवशी लेकीचा फोन आला: "बाबा, पुढच्या मंगळवारी टोरांटोच्या दोन जागा दिसताहेत. बदलायचं शुल्क भरावं लागेल. आई थोडी राहील का अजून?"

बदलाचे शुल्क, व्हिसाचे उरलेले दिवस, नातीची चुकणारी शाळेची स्पर्धा, असा सगळा हिशेब सांगायला मी तोंड उघडले. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी व्हिसा काढून दिवस मोजले, बसत होते. "बदल," मी लेकीला सांगितले. आमचा मुक्काम आणखी पाच दिवसांनी वाढला.

एक काळ असा होता, की वाटेत थांबायला परवानगी मागावी लागत नसे, विमानच थांबे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून लंडनला गेले ते कैरो आणि जिनिव्हा करत. आता विमाने सोळा-सोळा तास न उतरता उडतात. थांबायचे असेल तर ते आपल्याला मागून घ्यावे लागते, आणि मागून मिळणाऱ्या सवलती कमी होत आहेत. जपानच्या एएनए कंपनीचे मैलांवरचे जगप्रदक्षिणेचे तिकीट आठ मुक्काम देत असे. २०२५ च्या जूनमध्ये ते बंद झाले. युनायटेडची, मोठ्या प्रवासात परक्या खंडातला एक तुकडा फुकट जोडून देणारी सवलत २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपली. कित्येक ठिकाणी ठरलेल्या तक्त्याऐवजी रोजच्या मागणीप्रमाणे दर लागतो. मैल साठवून 'कधीतरी' मोठा प्रवास करू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मैल झिजतात, सवलती आटतात, आणि आपले गुडघेही दरवर्षी थोडे उणे होतात.

परवा लेकीने कळवले, की खात्यात पुन्हा दोघांपुरते मैल झाले आहेत. मी कपाटावरचा गोल खाली काढला, धूळ पुसली आणि सवयीने दोरा शोधू लागलो. या वेळी टोकियोमार्गे जाता येईल का, असे मनात घोळत होते. सौ. म्हणाली, "दोरा मिळायचा नाही. मी शिवणाच्या डब्यात ठेवलाय. थांबा कुठे घ्यायचा ते माहीत आहे ना?"

माहीत होते. मी गोल परत कपाटावर ठेवला आणि ताईंना फोन लावला.